अवशेषांगे

करिश्मानं कान हलवले तेव्हा वर्ग आधी हसला, आणि मग ते हसू मधेच तुटलं. विचारलं रागिणीनंच होतं. दहावीच्या विज्ञानातला आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा, त्यातली अवशेषांगे, म्हणजे शरीरात उरलेली पण आता फारशी कामाला न येणारी अंगं. माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ, कानाचे स्नायू. हा भाग आला की ती दर वर्षी विचारायची, कोणाला कान हलवता येतात का? दर वर्षी एखादा मुलगा भुवया ताणून, तोंड वाकडं करून कान जरासे थरथरवायचा, टाळ्या पडायच्या आणि उरलेला तास हलका जायचा. या वेळी मुलींच्या रांगेतून करिश्मा उठली. कधी हात वर न करणारी, तेल लावून दोन घट्ट वेण्या घालणारी, फुलवाल्याची मुलगी. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. कान मात्र मागे गेले. दोन्ही एकदम, सावकाश, गोठ्यातली गाय आपल्याकडे न बघताच आपल्या पावलांकडे कान नेते तसे. मग डावा तिथंच राहिला आणि उजवा एकटा पुढं आला. खिडकीबाहेर अमरावतीचा जुलै होता, पाऊस थांबून आठवडा झालेला, उकाड्यानं भिंतींना घाम फुटल्यासारखा वाटत होता. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. "छान," रागिणी म्हणाली. "बस आता." करिश्मा बसली, पण बसल्यावरही तिचे कान मागेच होते, आणि तिच्या मागच्या बाकावरच्या मुलींनी आपली दप्तरं नकळत जवळ ओढून घेतली.

रागिणीला जे झालं ते भय होतं, आणि तिला त्याचीच लाज वाटत राहिली. स्टाफरूममध्ये चहा पिताना ती स्वतःला समजावत होती की यात काही नाही. कानाभोवती तीन छोटे स्नायू असतात, बहुतेकांचे दुबळे झालेले, एखादीचे जरा धड राहिलेले. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, बारा वर्षं हे फळ्यावर काढत आली होती. पण फळ्यावर काढलेली गोष्ट फळ्यावरच राहते अशी तिची कुठंतरी समजूत असावी. ती साईनगरात दोन खोल्यांत एकटी राहायची. संध्याकाळी कुलूप काढताना जिन्यावर कोणीतरी आहे असं वाटलं आणि तिच्या डाव्या कानामागे काहीतरी ओढलं गेलं, बारीकसं, शिवणीतला दोरा ताणावा तसं. जिन्यावर कोणी नव्हतं. तिनं बोटानं ती जागा चाचपली. तिथं हाड होतं, हाडावर कातडी होती आणि त्यांच्या मधे काहीतरी होतं ज्याला ती आजवर नावानं ओळखत होती पण भेटली नव्हती. तिला सेमाडोहचं वाघांचं जंगल आठवलं. बी.एड.च्या वर्षी सहल गेली होती. सकाळी रस्त्यानं सगळ्या मुली गप्पा मारत चालल्या होत्या, आणि झाडावरच्या वानरानं एकच खाकरल्यासारखा आवाज काढला. सगळ्या थांबल्या. कोणी कोणाला थांब म्हटलं नाही. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि मग, त्यानंतर, तिला भीती वाटली. वाटाड्या म्हणाला, गेला बाई तो, तिकडून गेला. कोणालाच काही दिसलं नाही. वाघ ती विसरून गेली होती. लक्षात राहिलं होतं ते हे, की ती थांबायच्या आधी तिचे पाय थांबले होते.

दुसऱ्या दिवशी करिश्मा आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. पुंजाराम सर स्वभावानं वाईट नव्हते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि ती त्यांना कोणाचा आवाज न चढता काढायची होती. त्यांच्या समोर काही पालक बसले होते, मधे श्रावणभाऊ. श्रावणभाऊंचं भजनी मंडळ सगळ्या भागात माहीत होतं आणि ते शाळेच्या संस्थेवरही होते. रागिणी येताच सगळे उठून उभे राहिले. एकानं तिच्यासाठी खुर्ची पुसली, दुसऱ्यानं हातावर साखरफुटाणे ठेवले. कोणी भांडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण ते सगळे हसत होते, एकसारखं, जरा उशिरापर्यंत.

"मॅडम, तुमाले आमी मानतो," श्रावणभाऊ म्हणाले. "माया पोरगा तुमच्याच हाताखाली शिकून राहिला. पन आता पोट्टे घरी येऊन म्हनून राहिले, आपन माकडाचे. आमच्या घरात मारुतीची पूजा होते. मारुती माकड नाही, मॅडम, मारुती देव हाय. मंग आमी कोन?"

"पुस्तकात तसं नाही," रागिणी म्हणाली. "माणूस माकडापासून झाला असं नाही. दोघांचे पूर्वज एक, फार मागे..."

"फार मांगं," श्रावणभाऊंनी मान हलवली. हसू तसंच. "मांगं काय होतं ते आमाले मालूम हाय. मायी माय गेली चैतात. दहाव्याले कावळा शिवत नव्हता. उन्हात बसलो आमी सारे. मी म्हनलं, माय, तुया नातवाले मी सांभायतो, आन् कावळा आला. आता पोरगं मले इचारते, बावा, ते सारं कायचं? काय सांगू मी त्याले?"

कावळ्याचं उत्तर धड्यात नव्हतं. तिला त्यांची, उन्हात बसलेल्या त्या सगळ्यांची कीव आली आणि तेवढ्यात पुंजाराम सर म्हणाले की धडा तूर्त राहू द्या, दुसऱ्या धड्याला सुरुवात करा, पुस्तकात तर पुष्कळ असतं. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, तिथं मॅडम दोन शब्द बोलतील, की उत्क्रांती हा एक अंदाज आहे, मानलाच पाहिजे असं नाही, एवढंच. सगळ्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. ती "नाही" म्हणाली नाही. उठून दाराकडे गेली तेव्हा मागे कोणी बोलत नव्हतं, खुर्चीही वाजली नाही, तरी तिला पाठीवर त्यांचं हसू कळत होतं, आणि कानामागचा दोरा पुन्हा ताणला गेला.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता करिश्माकडे गेली. फुलवाल्यांची गल्ली मंदिराच्या मागच्या अंगाला होती. झेंडूचा आणि ओल्या गोणपाटाचा वास, नाल्यात कुजणाऱ्या पाकळ्या. घर शोधावं लागलं नाही. दारात चपलांचा ढीग होता. आत पाटावर करिश्मा बसली होती, शाळेच्याच फ्रॉकवर जरीचं पातळ गुंडाळून, कपाळभर कुंकू, गळ्यात मोगरा. समोर बाया बसल्या होत्या. एक म्हातारी हळू आवाजात विचारत होती, मुलगा सुरतेला गेला तो कधी येईल. करिश्मा बोलत नव्हती. तिचे कान मागे जात, पुढं येत, आणि ते पुढं आले की बाया एकमेकींना म्हणत, होय म्हनलं, होय म्हनलं. कोणी म्हणत होतं अंगात मारुती आला, कोणी म्हणत होतं देवी. करिश्माची आई, माणिकबाई, प्रत्येकीच्या हातावर फूल ठेवत होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता. पाणी वाढत असताना नदीकाठचं माणूस बघतं तसं ती मुलीकडे बघत होती.

वडील, शेषराव, रागिणीला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं टोपल्यांत निशिगंध होता. ते हार ओवत बोलत होते, सुई थांबली नाही.

"मॅडम, तुमीच सांगा, हे काय हाय? शाळेतून आली आन् आरशापुढं बसली. तिच्या मायनं पायलं, शेजारनीनं पायलं, मंग सारी गल्ली. श्रावणभाऊ येऊन पाया पडले तिच्या. मायी पोरगी हाय जी ते. मले तिच्यासमोर जेवाले बी भेव वाटून राहिलं."

श्रावणभाऊ पाया पडले. रागिणीला ऑफिसातलं हसू आठवलं. त्यांना धडा नको होता, आणि त्या धड्यातून उठलेली मुलगी पाटावर हवी होती. तिनं शेषरावांना सांगितलं, स्नायू, नसा, सगळं सोप्या भाषेत. दैवी काही नाही आणि आजारही नाही. ते ऐकत होते. पण माणिकबाई दारात येऊन उभी होती. "ते इथं नोका सांगू, मॅडम," ती म्हणाली. "बाहेर ऐकतीन. काल एका बाईनं इचारलं, देव नाही तं मंग भूत हाय का? देव हाय म्हनतात तवर पोरगी सुखानं हाय."

बाया गेल्यावर करिश्माला मागे आणलं. कुंकू पुसताना ती नेहमीची मुलगी झाली. नखं खाल्लेली, पायाला झेंडूचा पिवळा डाग. रागिणीनं विचारलं, "शाळेत का येत नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, मी हालवत नाही. आंधी हालवत होती, गंमत म्हनून. आता ते आपल्या आपन जातात. मांगं कोनी नसते तरी जातात." मग तिनं मागे वळून पाहिलं. पडवीच्या पलीकडे मंदिराची मागची भिंत होती, उंच, दगडी, तिच्यात एकही खिडकी नव्हती. "तुमी म्हनलं होतं का हे लय जुनं हाय. मानसाच्या आंधीचं. मंग मॅडम, ते कोनाले ऐकून राहिलं?"

रागिणीनं तिचा हात धरला. उत्तर तिला माहीत होतं: कोणालाच नाही. हत्यार उरलं, युद्ध संपलं. पण ती ते बोलू शकली नाही, कारण त्या क्षणी तिला स्वतःलाच मागची भिंत ऐकू येत होती, म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, फक्त ऐकणं चालू होतं. लाखो वर्षं कोणीतरी कान देऊन बसलं आहे, आपल्या आत, आपल्याला न विचारता, आणि आपण वर बसून मोगरे ओवतो, पालकसभा भरवतो. बाहेर पडून ती गर्दीत शिरली तेव्हा प्रत्येक माणसाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ती चामडी पानं तिला दिसू लागली. रिक्षावाल्याची, भाजीवालीची, आईच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाची. सगळे पुढं बघत चालले होते, आणि कान मात्र कडेला उभे होते, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे.

रविवारी ती अकोल्याला गेली. तिला वाटलं होतं वडिलांशी बोलल्यावर सोपं होईल. महादेवरावांची काळी जमीन बार्शिटाकळीच्या रस्त्याला होती; दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस, पण मुलीला प्राणिशास्त्र घ्यायचं म्हटल्यावर कॉलेजात स्वतः घेऊन गेलेला. लहानपणी तिनं बांधावर सापाची कात सापडली म्हणून घरी आणली होती तेव्हा आई पार्वताबाई ओरडली होती, आणि हेच वडील म्हणाले होते, राहू दे, पाहू दे तिले. त्यांचा देव आणि तिचं पुस्तक एकाच फळीवर वर्षानुवर्षं शेजारी राहिले होते, कधी भांडले नव्हते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं.

"सोड तो धडा," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही म्हणता हे?"

"एका धड्यानं काय होते? एकटी राहतं तू तिथं. लोकाईच्या मनाच्या उलटं नाही जायचं. मले समजत नाही असं नाही, पोरी. आता दिवस वेगळे हायेत."

ते बोलत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून उघड्या दाराकडे त्यांची नजर होती. पार्वताबाई उठली आणि दार लोटून आली. दुपार होती, गल्लीत कोणी नव्हतं. तिन्हीसांजेला सापकिरड्याच्या शेतातून बिनचपलेनं येणाऱ्या या माणसाला रागिणीनं कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. जेवताना तिघंही हळू बोलत होती, आणि ते कोणी ठरवलं नव्हतं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत तिला वडिलांचा राग आला होता. बडनेऱ्याला उतरताना तो उरला नाही. तिला फक्त एवढं कळलं होतं की श्रावणभाऊ भितात, पुंजाराम सर भितात, माणिकबाई भिते, बाबा भितात, करिश्मा भिते. आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच.

पालकसभेला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत श्रावणभाऊ, त्यांच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यात शेषराव, आणि मधे करिश्मा, जरीचं पातळ नेसून, कपाळाला कुंकू लावून. सभेनंतर तिचा सत्कार होता. पुंजाराम सरांनी ओळख करून दिली आणि माईक रागिणीच्या हातात दिला. हा एक अंदाज आहे, मानलाच पाहिजे असं नाही. वाक्य तिनं घरी म्हणून पाहिलं होतं. तोंड उघडलं तेव्हा ते आलं नाही. ती म्हणाली, "मी तुम्हाला एक विनंती करते. डोळे मिटा. दोन बोटं कानामागे ठेवा. मान वळवू नका, आणि मागे कोणी आहे का ते नुसतं ऐका."

लोक गोंधळले. पण सभेत मॅडमनी सांगितलेलं करायची सवय शाळेतली असते, ती मोडत नाही. आधी बायांनी डोळे मिटले, मग पुरुषांनी. पुंजाराम सरांनीही. पंखे फिरत होते. कोणी खोकलं नाही. शांतता हळूहळू घट्ट होत गेली, आणि मग रागिणीनं ते पाहिलं. ती एकटीच त्यांच्याकडे तोंड करून उभी होती म्हणून फक्त तिलाच दिसलं. बोटांच्या पुढं, रांगेमागून रांगेत, कान हलत होते. फार थोडे, वाऱ्यानं ज्वारीचं पान जरा फिरावं तेवढेच, पण सगळे, आणि सगळे मागे. मिटल्या डोळ्यांचे ते चेहरे तिनं कधी पाहिले नव्हते. त्यांच्यावर हसू नव्हतं, राग नव्हता, नाव नव्हतं. एक मोठा कळप अंधारात उभा राहून काहीतरी यायची वाट बघत होता, आणि त्याच्यासमोर ती, हातात माईक घेऊन. पळून जावं असं तिला वाटलं. तिचे पाय खरोखर दाराकडे वळले होते.

"मायं बी वढलं," शेषरावांचा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "मॅडम, इथं. बोटाखाली. काही तरी वढलं जी."

"मायं बी," मागून एक बाई पुटपुटली. मग आणखी एक. कोणी मोठ्यानं बोललं नाही. शेषरावांनी डोळे उघडले आणि मुलीकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी न भिता. "म्हंजे तुयं जे होते ते मायं बी होते," ते तिला म्हणाले, जणू सभागृहात दोघंच होती. "साऱ्याईचं होते. तुले जरा जास्त, एवढंच." करिश्मानं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. ते पुरतं निघालं नाही, भुवईवर पसरलं. ती रडत होती की हसत होती ते रागिणीला एवढ्या अंतरावरून कळलं नाही.

श्रावणभाऊ उभे राहिले. त्यांचा हात अजून कानामागेच होता. खाली घ्यायचा राहून गेला होता. "बस झालं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "असं नोका करू, मॅडम. असं नाही करायचं मानसासोबत." रागिणीला ते शब्द लागले, कारण ते धमकीसारखे नव्हते. ते बाहेर गेले, त्यांच्यामागे निम्मी माणसं गेली, आणि सत्काराचा नारळ टेबलावर तसाच राहिला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. संस्थेनं तिला मोर्शीच्या शाळेत पाठवायचं ठरवलं, महिना संपायच्या आत. पुंजाराम सरांनी हे सांगताना खिडकीबाहेर पाहिलं. शेषरावांच्या दुकानावरून भजनी मंडळानं हार घेणं बंद केलं. शेषराव आता बसस्टँडजवळ बसू लागले. घरासमोरचा चपलांचा ढीग नाहीसा झाला. एक-दोन बायांनी गल्लीत करिश्माला बघून पदर आवरला, पण माणिकबाईनं तिची वेणी घालून तिला शाळेत आणून सोडलं आणि फाटकाशी तास होईपर्यंत उभी राहिली.

मोर्शीला जायच्या आधीच्या शेवटच्या तासाला रागिणीनं राहिलेला धडा काढला. कोणाला विचारलं नाही. मानवाची वाटचाल. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि वर्गात दिवे नव्हते. बोलता बोलता तिला दिसलं की पुंजाराम सर दाराशी येऊन उभे आहेत. ती थांबली. "सर, थोडंच राहिलं आहे," ती म्हणाली. सरांनी मागे व्हरांड्यात पाहिलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग आत आले, दार लावून घेतलं आणि शेवटच्या बाकावर, मुलांमध्ये, अंग चोरून बसले. रागिणी पुढं बोलू लागली: झाडांवरून उतरलेले, उभं राहायला शिकलेले, विस्तव सापडलेले. अंधार वाढत गेला तसे समोरचे चेहरे एकमेकांत मिसळत गेले. कुठला कोणाचा, मुलगा की मुलगी, म्हातारा की पोर, करिश्मा कुठली आणि सर कुठले, तिला ओळखता येईना. फार लांबून, फार दिवसांपासून ते तिच्याकडे बघत होते, आणि आपलं काय झालं ते तिच्या तोंडून ऐकायला थांबले होते. तिच्या अंगावर काटा आला. ती पुढचं वाक्य बोलली.